लांब दोरी

बाबालाल मुल्लाणींनी तिला माझ्या हातात दिलं
तेव्हा ती पाच महिन्यांची होती. नुसते पाय,
पायांवर कुठंतरी ठेवलेली छाती,
आणि मोजून घ्याव्यात अशा बरगड्या.
"कारवानी हाय," ते म्हणाले, "हिला पळायला शिकवू नगंस.
पळणं रक्तातच हाय.
थांबणं तेवढं तुला घालाय लागंल."

नाव ठेवलं भिंगरी.
पहिला महिना नुसतं नाव. भाकरीचा तुकडा, आणि नाव.
सकाळी सहाला, शियेच्या मळीत,
दवानं चप्पल पायातून निसटायची,
आणि गुऱ्हाळावरून येणारा काहिलीचा वास
तिला माझ्या हाकेपेक्षा खरा वाटायचा.

मग 'बस'.
बस म्हटलं की बसायची,
पण बूड जमिनीपासून दोन बोटं वर.
बाबालाल बांधावर बिडी विझवत:
"बसली न्हाई ती. बसल्यावानी करतीया.
माणसातबी असत्यात तसली. घे परत."

मग विहिरीवरचा जुना नाडा, तीस हात.
एक टोक माझ्या मुठीत, एक तिच्या गळ्यात,
मध्ये गवत.
दोन शिट्ट्या म्हणजे ये.
नाही आली तर ओढायचं नाही. पाठ फिरवायची,
आपलं दुसरीकडंच काम आहे असं चालायला लागायचं.
हे शिकायला मला तिच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

सशाचं कातडं आता कुठलं, कायदा आहे.
पोराच्या मोज्यात कोंबडीची पिसं भरली.
धावत आणायची, द्यायची नाही.
हिसकायचं नाही, हात खाली धरून उभं राहायचं
उधारी मागायला गेल्यासारखं.
आवाजाला बिचकू नये म्हणून तेलाचा डबा बडवला.
ती बिचकली नाही. केराबा चौगल्यांची म्हैस बिचकली,
दोन दिवस दूध चोरलं तिनं,
तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

फेब्रुवारीत तोड आली.
"दोरी काढ," बाबालाल म्हणाले.
"दोरीनं आलेलं, ते येणं न्हवं."
फडाचा शेवटचा चौकोन उभा,
तोडकऱ्यांची पोरं काठ्या घेऊन भोवती,
आणि पाल्यातून काहीतरी सुटलं.
ससा म्हणेपर्यंत बांध ओलांडलासुद्धा.
भिंगरी गेली.
शिट्टी फुंकली. तोंडात पाचटाची धूळ, ओठ सुके,
नुसता वारा निघाला.
परत फुंकली. या वेळी वाजली.
तिचा एक कान मागं वळलेला मी बघितला,
म्हणजे ऐकलं तिनं.
ऐकून गेली, जोतिबाच्या डोंगराकडं.

रात्री साडेनऊला आली.
कान फाटलेला, पोटाला कुसळं, तोंड रिकामं.
सरपटत सरपटत पाच हातांवर थांबली.
माझ्या हातात नाडा होता,
दुपदरी कधी केला ते आठवत नाही.

"आलेल्याला मारायचं न्हाई,"
बाबालाल अंधारातनं म्हणाले. "कवाबी येऊ दे.
दुपारचं तिनं कवाच इसरलंय.
आता मारलंस तर एवढंच शिकंल,
घरी गेलं की मारत्यात."

सतरा वर्षांचा होतो, खासबागेत कुस्त्या बघून
पहाटे घरी आलो होतो.
आप्पा दारातच होते, हातात चुलीतलं लाकूड.
पुढची अकरा वर्षं इचलकरंजीत, मागावर.
दिवाळीला यायचो. चहा उंबऱ्याबाहेरच घ्यायचो.
आप्पा आतून विचारायचे, साखर बेताची हाय न्हवं?

नाडा खाली टाकला. बसलो.
खिशात सकाळचा तुकडा होता, कडक झालेला.
ती समोरच होती, तरी दोन शिट्ट्या दिल्या, हळू.
आली. तुकडा घेतला.
बसली, बूड दोन बोटं वर.
मी परत 'बस' म्हटलं नाही.